नव्वदचा लाल काठ

अल्फारेटा,
५ मार्च २००६

चि. श्रीरंगास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जर्सी सिटीच्या तुझ्या कार्डवाल्या मंडळींनी चर्चच्या हॉलमध्ये जमून मतदान घेतलं आणि बेसबॉल कार्डांचं सर्वांत वाईट साल म्हणून १९९१ निवडलं, हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. मतदान! वाईट साल हात वर करून ठरत नाही, श्रीरंग. त्याला डोळे लागतात. ते तुमच्यापैकी कुणाकडे आहेत असं ह्या निकालावरून तरी दिसत नाही.

खेळाडूंचे फोटो छापून पाकिटातून विकणाऱ्या ह्या कंपन्या दर वर्षी नवा नमुना काढतात, म्हणजे दर वर्षी त्यांना सुधारायची संधी मिळते. एक्क्याण्णवचा तो पिवळा काठ वाईट आहे, मान्य. शाळेच्या बसला चौकट केल्यासारखं दिसतं. पण तो निदान एकच गुन्हा करतो आणि उघड करतो. आता नव्वदचं लाल साल घे. लाल म्हणजे मिरचीचा नव्हे, स्वस्त नेलपॉलिशचा. त्यावर शिंतोडे. म्हणजे पगार घेणाऱ्या कुणीतरी कागदावर ब्रश झटकला, तो कागद टाकून द्यायच्या ऐवजी छापायला पाठवला, आणि त्याच्या साहेबाने तो मंजूर केला. खेळाडूचं नाव लफ्फेदार, लग्नपत्रिकेवर असतं तसं. कॉलेजच्या वार्षिकाची मी दोन वर्षं संपादक होते. समास म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. ती डोळ्याला विसावा द्यायची जागा असते, थुंकायची नव्हे. ते शिंतोडे बघितले की मला सरकारी कचेरीच्या जिन्याचा कोपरा आठवतो.

आजच्या कार्डांविषयी तर बोलायलाच नको. शंतनूने मला एक पाकीट आणलं होतं. त्यातल्या एका कार्डाला मधोमध खिडकी पाडून खेळाडूच्या शर्टाचा तुकडा चिकटवला आहे. घामट कपडा कापून पाकिटातून वाटायचा आणि लोकांनी तो काचेत ठेवायचा! मी ते कार्ड चिमट्याने उचलून कपाटात टाकलं.

शंतनूवरून आठवलं. फेब्रुवारीच्या लाँग वीकएंडला तुझा मुलगा हर्नडनहून एवढं ड्राइव्ह करून आला आणि सगळा वेळ तळघरात बसून ह्यांचा संग्रह लावत होता. बुटांच्या खोक्यांतली कार्डं काढून प्लास्टिकच्या पानांत घातली, सालवार जाड बाइंडर केले. जाताना म्हणाला की आत्या, खाली तुझ्यासाठी सरप्राइज आहे. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मला अजून जिना उतरायची परवानगी नाही, त्यामुळे बघितलेलं नाही. पण मुलगा कामाचा निघाला. तुझ्यावर गेलेला नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू मध्येच हसतोस आणि माझा मुद्दा राहून जातो. शोभनाला आशीर्वाद. तुझ्या निकालाचा राग आहे, तुझ्यावर नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


जर्सी सिटी,
१९ मार्च २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मंडळींना इंग्रजी करून वाचून दाखवलं. सरकारी जिन्याचा कोपरा समजावून सांगताना मला पान खाऊन थुंकण्याची क्रिया उभं राहून करून दाखवावी लागली. एक निवृत्त पोस्टमन आमचा अध्यक्ष आहे. तो म्हणाला की तुझ्या बहिणीला बोलवा, मी खुर्ची सोडतो. तरी निकाल बदललेला नाही. एक्क्याण्णवचं पाकीट फोडलं की हात धुवावेसे वाटतात, हा आमचा मुद्दा तू खोडलेला नाहीस. पंच्याण्णवची दोन मतं पडली. ते साल म्हणजे कॉम्प्युटर नवा नवा शिकलेल्या माणसाने एकाच कार्डावर सगळी बटणं दाबून बघितल्यासारखं आहे, असं त्या दोघांचं म्हणणं. आणि तुझं लाडकं दोनरंगी पंच्याहत्तर साल एकाने वाईट म्हटल्यावर मी तुझ्या वतीने त्याच्याशी भांडलो, ह्याची नोंद घे.

शोभना म्हणाली की नव्वद आणि एक्क्याण्णव शेजारी ठेवली तर हळदीकुंकवाची कोयरीच होईल, मग तुम्ही दोघं भांडता कशाला? त्यावर आम्हां दोघांनाही भाऊजींची आठवण आली. आपल्या वादात त्यांचं मत दर वर्षी एकच असायचं, आठवतं? सर्वांत वाईट साल कुठलं, तर यंदाचं. कुठलंही यंदा असो. दसऱ्याला ज्याचा मुद्दा सगळ्यांना पटेल त्याला श्रीखंडाची जास्तीची वाटी, असा तू नियम केलास आणि भाऊजींना ती वाटी कधीच मिळाली नाही. तू म्हणायचीस की यंदाचं साल अजून संपलेलं नाही, ते धरता येत नाही. जाऊन दोन वर्षं झाली त्यांना. ती वाटी द्यायला हवी होती असं आता वाटतं.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या इथल्या दोन खोल्यांत आपण पहिला दसरा केला तेव्हा पूजेला ठेवायला हत्यार असं काही नव्हतं. भाऊजींनी आपला आकडेमोडीचा स्लाइड रूल ठेवला, तू कात्री ठेवलीस, आणि मी मस्करी म्हणून बेसबॉलच्या कार्डांचं नवं पाकीट ठेवलं. त्यांनी ते फोडून त्यातला कॅचर निवडला. म्हणाले, हा हत्यारांचा दिवस, आणि तोंडाला जाळी, छातीला ढाल, पायांना पट्ट्या अशी सगळी हत्यारं अंगावर चढवून फलंदाजामागे चेंडू झेलायला उकिडवा बसणारा हा एकच. अनामिकेने त्याच्या पायाशी, काठावर, कुंकू लावलं. मग दर दसऱ्याला त्या त्या सालचा एक कॅचर पाटावर बसला आणि संध्याकाळी आपल्या खोक्यात परत गेला. यंदा आमच्या पाटावर त्यांतला एक असावा असं शोभनाच्या मनात आहे. सत्त्याऐंशीचा, तो लाकडी काठाचा, पाठवशील? पूजा झाली की परत करीन.

गुडघ्याला जप. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत जा.

तुझा,
श्रीरंग


अल्फारेटा,
९ एप्रिल २००६

चि. श्रीरंगास,
आशीर्वाद.

डॉक्टरने जिना मोकळा केला. काल खाली गेले.

सत्त्याऐंशीचा कॅचर जागेवर आहे. लाकडी काठ आहे. कुंकू नाही. आधी मला वाटलं की दुसराच कॅचर असेल, म्हणून सगळं साल तपासलं. नाही. मग अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, एक्क्याण्णव बघितलं. मग उलट पंच्याहत्तरपर्यंत मागे गेले. सगळे कॅचर कोरे. दुकानातून आत्ता आणल्यासारखे, कोपरे धारदार. पंच्याहत्तरच्या कॅचरचा कोपरा भिंग ठेवताना माझ्याकडूनच दुमडला होता, तोसुद्धा सरळ झाला आहे. कार्डाचा कोपरा आपोआप सरळ होत नाही.

नव्वद मी उघडलं नाही. तोपर्यंत माझ्यात तो लाल काठ बघायची शक्ती उरली नव्हती.

तुझ्या मुलाने काय केलं ते त्याला विचार आणि मला लिही. फोन करू नकोस. त्यालाही करू देऊ नकोस.

ताई


जर्सी सिटी,
१६ एप्रिल २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. जे सांगितलं ते तसंच लिहितो, कारण झाकून सांगितलेलं तुला पहिल्या ओळीत कळतं.

थँक्सगिव्हिंगला शंतनू तुझ्याकडे आला होता तेव्हा त्याने तळघरातली खोकी उघडून बघितली. प्रत्येक सालात एका कार्डावर तांबूस डाग. त्याला वाटलं की मनोहरकाका स्पगेटी खाता खाता कार्डं लावायचे. त्याने डाग पडलेली कार्डं टिपून घेतली आणि हिवाळाभर इंटरनेटवर, दुकानांतून, ओळखीच्या लोकांकडून तीच कार्डं डाग नसलेली मिळवली. फेब्रुवारीत ती घेऊन तो तुझ्याकडे आला. नवी आत घातली. जुनी काढून तुझ्याच घराच्या रद्दीच्या निळ्या डब्यात, वर्तमानपत्रांबरोबर, टाकली. तो ट्रक केव्हाच येऊन गेला.

मी फोन शोभनाच्या हातात दिला. तिने तो ठेवून दिला.

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, ताई. दसरा इथे कामाच्या दिवशी येतो. पूजा व्हायची तेव्हा मुलं शाळेत असायची, आणि ती घरी येईपर्यंत कार्ड खोक्यात गेलेलं असायचं. त्यांच्यापर्यंत पोचायचं ते फक्त श्रीखंड. मुलगा चांगला आहे. त्याने तुला आनंद व्हावा म्हणून केलं. तुझी तब्येत, काकांच्या मागे तू एकटी, काहीतरी नीटनेटकं करून द्यावं असं त्याला वाटलं. चांगला आहे गं तो.

एक्क्याण्णववरचा माझा दावा मी मागे घेतो. नव्वद तर नव्वद. तू म्हणशील ते साल.

तू लिहावंस, एवढंच मागतो. काहीही लिही.

तुझा,
श्रीरंग


अल्फारेटा,
३० एप्रिल २००६

चि. श्रीरंगास,
आशीर्वाद.

मुलगा चांगला आहे हे तू एका पत्रात दोनदा लिहिलंस. मी कुठे नाही म्हटलं? वाईट मुलाने केलं असतं तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. चांगल्या मुलाने केलं म्हणून माझ्या तोंडाला कुलूप बसलं आहे.

आणि मला दावे दान करू नकोस. वाद घालायचा तर मनापासून घाल, नाहीतर गप्प बस. दया म्हणून दिलेलं नव्वद साल मला नको.

स्वच्छ! ह्या शब्दाची मला शिसारी आली आहे. तुमच्या कार्डवाल्यांनीच हे शिकवलं. कोपरा बोथट झाला की कार्ड मेलं. बोट लागलं की मेलं. मग ते कडक प्लास्टिकच्या पेटीत कोंबायचं, वर नंबर लावायचा आणि पुन्हा कधी हातात घ्यायचं नाही. ज्या वस्तूला कुणी हात लावला नाही ती सर्वांत चांगली, असा हा छंद. ह्यांनी आयुष्यभर कार्डं हातात घेतली. डिंक लावून फाटलेली चिकटवली. जेवताना समोर मांडली, आणि हो, एकदा स्पगेटीही सांडली. तुझ्या मुलाची शंका अगदीच निराधार नव्हती.

ह्यांनी मला कधी पत्र लिहिलं नाही. लग्न ठरल्यावरही नाही. तेव्हा पत्र आलं ते सासऱ्यांचं. हे सही करायचे ती टाइप केल्यासारखी. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात, त्यामुळे फोटोत मी आणि नायगरा, मी आणि गाडी, मी आणि तू. ह्या माणसाच्या हाताची म्हणावी अशी खूण त्या कार्डांवर होती. वर्षाला एक, बोटाच्या रेघांसकट. मी ती कधी काढून बघत नसे. आहेत, एवढं पुरे होतं. यंदा दसऱ्याला सगळी काढून पाटावर ओळीने मांडायची असं मी ठरवलं होतं. तुला लिहिणारच होते.

आता ती कार्डं कुणाचीही आहेत. सप्टेंबरमध्ये इथल्या वाचनालयाची जुन्या पुस्तकांची विक्री असते. सगळे बाइंडर तिथे देणार. स्वच्छ आहेत, लगेच खपतील.

शंतनूला सांग की मी रागावले नाही. हे खरं नाही, पण सांग. दसऱ्याला त्याने येऊ नये.

ताई


हर्नडन,
८ जुलै २००६

आत्या,
नमस्कार.

हे मी मराठीत लिहितोय. मंडळाच्या संडे क्लासमध्ये शिकलो तेवढंच येतं. नेत्राने मदत करते म्हटलं, पण मी नको म्हटलं. बाबांनी पण वाचलेलं नाही. चुका असतील.

सॉरी खूप वेळा लिहून झालं आणि फाडून झालं. म्हणून काय झालं ते लिहितो.

मला दरवर्षी तुमच्याकडे यायला आवडायचं. मनोहरकाका मला मांडीवर घेऊन कार्डं दाखवायचे. मी मराठीत कमी बोलायचो आणि ते इंग्लिशमध्ये कमी बोलायचे, म्हणून आम्ही कार्डांकडे बघायचो. ते फनरलच्या दिवशी मला खूप आठवलं आणि मला वाटलं त्यांच्यासाठी काहीतरी करावं. मी वर्षभर विचार केला. मग मी ते केलं. मला वाटलं मी बेस्ट गिफ्ट देतोय.

नेत्रा नागपूरची आहे, लग्नाआधी इथे वर्क व्हिसावर आली. तिला मी एप्रिलमध्ये सगळं सांगितलं की आत्या का रागावली ते मला पूर्ण कळत नाही, कारण बाबांनी फक्त पूजेचे डाग एवढंच सांगितलं. तिने विचारलं, डाग कुठल्या रंगाचे होते? मी म्हटलं, लाल, थोडे ब्राउन. तिने विचारलं, केवढे? मी बोट दाखवलं. तिने माझ्या बोटाकडे बघितलं आणि ती रडायला लागली. मग मला कळलं. आमच्या घरी तिने दारावर तसंच लावलं आहे, नवीन घर घेतलं तेव्हा. मी रोज बघतो.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या तिथल्या रिसायकलिंगवाल्यांना फोन केला. ते हसले नाहीत, पण मिळणार नाही म्हणाले.

एक गोष्ट आहे. नेत्रा म्हणते सांगितलीच पाहिजे. सगळ्या वर्षांत मी डागवालं कार्ड बदललं. फक्त नव्वदमध्ये नाही. मी शोधलं होतं. पण त्या लाल कार्डांवर सगळीकडेच डाग आहेत. कुठला प्रिंटिंगचा आणि कुठला स्पगेटीचा मला कळलं नाही, म्हणून मी ते वर्ष तसंच पानांत भरलं. काका त्या वर्षी पूजेला दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेऊन बसले असतील तर तिथे काही नसेल. मला माहीत नाही. पण कृपा करून ते वाचनालयाला द्यायच्या आधी बघ.

तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी मी तुझाच आहे.

शंतनू


अल्फारेटा,
१६ जुलै २००६

चि. शंतनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते सोबत परत पाठवत आहे. वाचून पुन्हा माझ्याकडे पाठव. ते मला ठेवायचं आहे.

तुझं पत्र वाचल्यावर मी तळघरात जाऊन नव्वदचा बाइंडर वर आणला. वाचनालयाच्या खोक्यात तो सर्वांत खाली होता. मीच टाकला होता. ते साल समोर मांडून बसायची वेळ माझ्यावर यावी ह्याची मला आधी चीड आली. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्ची घेतली आणि फक्त कॅचर बाजूला काढले. भिंग लावून काही कळेना. शिंतोडे, शिंतोडे आणि शिंतोडे. हा नमुना ज्याने केला त्याच्या डोळ्यांना काही झालं होतं का, असा प्रश्न मला पुन्हा पडला.

मग कार्डं एकेक करून उजेडात तिरकी धरली. छापलेली शाई चकचकीत असते. तिरकं धरलं की सगळा काठ एकसारखा चमकतो, शिंतोड्यांसकट. एका कार्डाचा काठ चमकला आणि खालच्या बाजूला, कॅचरच्या पायाशी, चमकला नाही. तिथे मंद, कोरडं, बोटाएवढं काहीतरी होतं. त्या राखीव कॅचरचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. भिंग लावलं. रेघा आहेत. मध्ये एक आडवी खाच आहे. ह्यांच्या अनामिकेला करवत लागली होती, त्याची.

मी ते कार्ड हाताने पुन्हा उचललं नाही. कागदाची पट्टी सरकवून बशीत घेतलं आणि ती बशी देवघरात ठेवली आहे.

तू म्हणालास तसंच झालं. तुला छापलेलं आणि लावलेलं ओळखता आलं नाही म्हणून ते वाचलं. ह्याबद्दल तुझे आभार मानायचे की नाहीत हे मी अजून ठरवलेलं नाही. बाकीच्यांबद्दल मी अजून रागावलेली आहे, आणि ते तुला मी स्वतः सांगते आहे, बाबांकरवी नाही. राग ओसरेल तेव्हा तेही मीच सांगेन.

वाचनालयाला नकार कळवला.

दसरा २ ऑक्टोबरला आहे, सोमवार. नेत्राला घेऊन ये. रजा काढ. कामाच्या दिवशी येतो म्हणून कुणाला ठाऊक नाही, ही सबब ह्या घरात आता चालणार नाही. येताना यंदाच्या कार्डांचं एक पाकीट आण. शर्टाचे तुकडे असलेलं आणलंस तर दारातून परत पाठवीन.

तुझी,
आत्या


अल्फारेटा,
४ ऑक्टोबर २००६

चि. श्रीरंगास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला आणि शोभनाला येता आलं नाही ह्याचं वाईट वाटलं, पण तुझ्या पाठीपेक्षा बेसबॉल मोठा नाही. झोपून राहा.

शंतनू आणि नेत्रा रविवारी रात्री आली. सकाळी पाटावर माझी कात्री, ह्यांचा स्लाइड रूल आणि शंतनूचा ऑफिसचा लॅपटॉप मांडला. नेत्राने झेंडूची माळ आणली होती, इथल्या नर्सरीतल्या रोपांची फुलं स्वतः ओवून. नव्वदचा कॅचर बशीसकट मधोमध ठेवला. सगळ्या संग्रहातला तोच एक अस्सल, आणि दिसायला सर्वांत किळसवाणा. झेंडूच्या शेजारी तर तो लाल रंग बघवेना. तुला वाटत असेल की आता मी नव्वदबद्दल चार बरे शब्द लिहीन. नाही लिहिणार. ते साल इतकं वाईट छापलं नसतं तर माझ्याकडे आज काहीच नसतं, हे मला कळतं. म्हणून ते चांगलं होत नाही. तुझ्या एक्क्याण्णवच्या पिवळ्या काठावरचं कुंकू लांबून दिसलं आणि गेलं. तेवढाही उपयोग त्या सालाचा झाला नाही.

शंतनूने यंदाचं पाकीट फोडलं. कॅचर शोधायला मी सांगितलं नाही, त्याने स्वतःच शोधला. कुठल्या बोटाने लावायचं हे त्याने नेत्राला नाही, मला विचारलं. मी दाखवलं. जरा जास्तच ओलं केलं होतं, त्यामुळे ओघळ आला. तो पुसायला टिशू शोधायला लागला. मी त्याचा हात धरला आणि राहू दे म्हणून सांगितलं.

मग कार्ड वाळेपर्यंत तो उरलेली कार्डं हातात घेऊन बघत बसला. नावं चांदीच्या वर्खात, पार दिव्याखाली नेल्याशिवाय वाचता येत नाहीत. त्याने तोंड वाकडं केलं. आपला वाद त्याला तुझ्याकडून थोडाफार माहीत आहे, पण काकांचं मत काय असायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी मुद्दाम नेत्राला बाजूला घेऊन विचारलं, तिलाही ठाऊक नव्हतं. आणि तो मला म्हणाला की आत्या, तुम्ही दोघं उगाच नव्वद आणि एक्क्याण्णववरून भांडता. सगळ्यात वाईट साल हे यंदाचंच आहे, यार.

आत्याला यार म्हणायचं नसतं, हे मी त्याला सांगितलं. बाकी त्याला काही बोलले नाही. माझा नियम, साल संपलेलं नाही, ते धरता येत नाही, ह्यातलं काही नाही.

जेवायला बसलो तेव्हा श्रीखंडाची जास्तीची वाटी त्याच्या पानात ठेवली. त्याने का म्हणून विचारलं. मी म्हटलं की ती एकतीस वर्षं द्यायची राहिली होती, खा.

एक्क्याण्णववाल्यांना यंदा काही मिळालेलं नाही, हे तुझ्या अध्यक्षांना माझ्या नावाने कळव. पाठीला शेक घे. पुढच्या वर्षी मुद्दा तयार करून ये. मी तुझ्याशी भांडायला अजून आहे, हे धरून चाल.

तुझी,
ताई